फास्ट लोकल आणि फास्ट कलर

प्रश्न असा आला आहे: 'फास्ट म्हणजे जलद. मग कापडवाला "फास्ट कलर आहे, बिनधास्त धुवा" म्हणतो, तेव्हा रंग जलद जाईल असा अर्थ का होत नाही? हे दोन वेगळे शब्द आहेत का?'

शब्द एकच आहे, आणि त्यातला कापडवाल्याचा अर्थ जुना. जुन्या इंग्रजीत 'फॅस्ट' म्हणजे घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. जर्मनमधला 'फेस्ट' आजही त्याच अर्थाचा आहे. विमानात पट्टा 'फासन' करायला सांगतात तो याच कुळातला शब्द, आणि 'फास्ट फ्रेंड्स' म्हणजे घट्ट मैत्री असलेले. माझी आई नवं खणाचं कापड घेताना ओल्या पांढऱ्या रुमालाचं टोक त्याच्या कोपऱ्यावर घासून बघायची. रुमाल कोरा राहिला तरच खरेदी. प्रयोगशाळेत हेच मोजून करतात: धुण्यातल्या पक्केपणाला १ ते ५ आणि उजेडातल्या पक्केपणाला १ ते ८ असे अंक देतात. अंक जितका मोठा, तितका रंग पक्का.

मग जागचा न हलणारा शब्द धावायला कसा लागला? मला याचं उत्तर आपल्या 'जोरात'मध्ये दिसतं. जोर हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ बळ. पण 'गाडी जोरात चालवू नकोस' म्हणताना आपल्या मनात वेग असतो. इंग्रजीतही आधी क्रियाविशेषण सरकलं: घट्ट धरणं, मग नेटाने लढणं, मग नेटाने पळणं. नेटाने पळणारा वेगातच पळणार! हे मध्ययुगात झालं. विशेषणाला वेगाचा अर्थ चिकटला तो १६व्या शतकात. मुंबईच्या फलाटावर आपण वाट बघतो ती फास्ट लोकल या नव्या अर्थाची.

'फास्ट अस्लीप' मात्र जुन्याच अर्थावर राहिला. त्याला आपण गाढ झोप म्हणतो, आणि गंमत बघा, संस्कृतात 'गाढ'चाही एक अर्थ घट्टच आहे. गाढालिंगन आठवा.

आता उपासाचा 'फास्ट'. तोही याच मुळाचा. इंग्रजीच्या नात्यातल्या, आता लोपलेल्या गॉथिक भाषेत 'फास्तान' म्हणजे राखणं, पाळणं आणि उपास करणंही. मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते आपलं 'उपास धरणं'. चतुर्थी धरली, सोमवार धरले, असंच आपण म्हणतो. धरण्याची कल्पना दोन्हीकडे सारखी, सुटण्याची मात्र नाही. इंग्रजीत रात्रभराचा उपास सकाळी मोडतात, म्हणून 'ब्रेकफास्ट'. आपण उपास सोडतो. चुकून मोडला तर देवापुढे हात जोडतो.