सी०२ वरून सी०३ वर जाताना: अभ्यास वाया जात नाही, डोकं ऑफिस खातं

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या सिसऑप्स सर्टिफिकेशनचा अर्धा अभ्यास झाल्यावर परीक्षाच बदलली, आता सगळं पहिल्यापासून करायचं का. आणि ऑफिसचा ट्रेनिंग विभाग म्हणतो नवं नाव आमच्या यादीत नाही, तर पैसे मिळतील का? तुमचे हे दोन्ही प्रश्न माझेही होते. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावर जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

आधी अभ्यासाचं. सिसऑप्स ॲडमिनिस्ट्रेटर असोसिएटचं क्लाउडऑप्स इंजिनिअर असोसिएट झालं, सी०२ चा कोड सी०३ झाला आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून नवीच परीक्षा होते. एडब्ल्यूएसच्या सेवांबद्दल तुम्ही वाचलेलं, म्हणजे क्लाउडवॉच (मॉनिटरिंग आणि लॉग), सिस्टिम्स मॅनेजर, क्लाउडफॉर्मेशन, आयएएम (कोणाला कशाची परवानगी), राउट ५३, सगळं कामाला येतं. सहा विभागांचे पाच झालेत: मॉनिटरिंग, रिलायबिलिटी आणि डिप्लॉयमेंटला प्रत्येकी २२ टक्के, नेटवर्किंगला १८, सिक्युरिटीला १६. खर्चाचा वेगळा विभाग गेला, पण म्हणून तो विषय सोडू नका. खरी भर पडली आहे ती कंटेनरची, म्हणजे ॲप्लिकेशन लागणाऱ्या सगळ्यासकट बांधून चालवण्याची (ईसीएस आणि ईकेएस कंटेनर चालवतात, ईसीआर त्यांच्या इमेज म्हणजे तयार पॅकेज साठवतं), आणि अनेक अकाउंट, अनेक रीजन एकत्र सांभाळण्याची. लॅबची (परीक्षेतच प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या प्रश्नांची) भीती मनातून काढून टाका, त्या सी०२ मध्येच २०२३ साली बंद झाल्या होत्या.

परीक्षेतले प्रश्न सांगणार नाही, तसा करार आपण सगळेच मान्य करून बसतो. पण कुठल्या पद्धतीने विचार करायची सवय लावायची ते एका उदाहरणाने सांगतो. प्रायव्हेट सबनेटमध्ये (नेटवर्कच्या इंटरनेटशी थेट न जोडलेल्या भागात) फारगेटवर, म्हणजे सर्व्हर स्वतः न सांभाळता, कंटेनरचा एक टास्क चालवा, बाहेर जायची वाट देणारा नॅट गेटवे मुद्दाम ठेवू नका. इमेज खेचताना टास्क पडेल. मग ईसीआरचे दोन्ही इंटरफेस एंडपॉइंट (इंटरनेटशिवाय सेवेपर्यंत नेणारे खासगी रस्ते), एपीआयचा आणि डीकेआरचा, जोडा. तरी पडेल. कारण इमेजचे लेअर प्रत्यक्षात एसथ्री या फाइल साठवायच्या सेवेत असतात आणि एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट राउट टेबलमध्ये नसतो. तो जोडल्यावर इमेज येते, आणि लॉग क्लाउडवॉचला पाठवायचे असतील तर आता त्याच्या एंडपॉइंटसाठी अडतं. शिवाय इमेज खेचायची परवानगी टास्क एक्झिक्युशन रोलला (रोल म्हणजे आयएएममधली परवानग्या जोडलेली ओळख) लागते, टास्क रोलला नाही. कंटेनर चालू झाल्यावर आतला कोड जे मागतो त्याच्यासाठी टास्क रोल. एवढी एक संध्याकाळ घालवलीत तर नेटवर्किंग, आयएएम आणि कंटेनर तिन्ही एकदम डोक्यात बसतात. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघून हे होत नाही, असं माझं ठाम मत आहे. (प्रयोग झाल्यावर इंटरफेस एंडपॉइंट काढून टाका, त्यांचं बिल तासावर चढतं.)

आता ट्रेनिंग विभाग. आमच्याकडे मंजूर सर्टिफिकेशनची एक एक्सेल यादी होती आणि तीत जुनं नाव होतं. बुकिंगच्या आधी मी फोन करून विचारलं. "हो, तेच ना ते, चालेल," असं उत्तर आलं. पास झालो, फीच्या १५० डॉलरचा क्लेम टाकला, तो परत: नाव यादीत नाही. नाव बदलल्याची एडब्ल्यूएसची अधिकृत घोषणा पाठवली, परीक्षेचं गाइड पाठवलं. त्यावर उत्तर काय, तर "कृपया यादीतील परीक्षा देऊन पुन्हा अर्ज करावा." यादीतली परीक्षा तोवर बंद झालेली! यादी कोण बदलतं विचारलं तर ट्रेनिंगने एचआरकडे बोट दाखवलं, एचआरने फायनान्सकडे आणि फायनान्सने परत ट्रेनिंगकडे. दरम्यान तिकीट आपोआप बंद होऊन मेल यायचा, की तुमची समस्या सुटली आहे, आम्हाला किती स्टार द्याल? मी एकदा एक स्टार दिला, तर स्टार कमी का दिला याचं नवीन तिकीट उघडलं गेलं. तोवर आर्थिक वर्ष संपलं आणि मागच्या वर्षाचं बजेट बंद झाल्याचं कळवण्यात आलं. शेवटी मॅनेजरने स्वतःच्या खर्चाच्या कुठल्यातरी खात्यात ते बसवलं. पैशांपेक्षा मनस्ताप जास्त झाला. अभ्यासाने मला एवढं दमवलं नव्हतं.

म्हणून बुकिंगच्या आधी मेल करा, फोन नाही. मेलमध्ये जुनं नाव-कोड आणि नवं नाव-कोड शेजारी शेजारी लिहा आणि नव्या कोडसाठी मंजुरी हवी असं स्पष्ट मागा. नापास झालो तर फी मिळते का, तारीख पावतीची धरता की निकालाची, पावती माझ्या नावाची चालेल का, हेही त्याच मेलमध्ये विचारून टाका. मॅनेजरला सीसीत ठेवा. उत्तर येईपर्यंत थांबा. तुमच्याकडे माणसं समंजस असतील तर हे सगळं जास्त वाटेल, पण मेलला पैसे पडत नाहीत.

नापास झाल्यास १४ दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण, हे बजेट मागतानाच सांगून ठेवा. पास झालात तर पुढच्या परीक्षेवर ५० टक्के सवलत मिळते, तीही सांगा. फायनान्सवाल्यांना तो आकडा आवडतो.

डंपच्या (परीक्षेतले म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या) नादाला लागू नका. नैतिकतेचं राहू द्या, त्यातली उत्तरंच बऱ्याचदा चुकीची असतात, आणि "सी०३ अपडेटेड" असा शिक्का मारून जुनाच माल खपवणारे क्लासही आहेत. घ्यायच्या आधी अनुक्रमणिकेत ईकेएस आहे का तेवढं बघा.

आणखी एक, जे अनेकांना माहीत नसतं. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना १३० मिनिटांवर ३० मिनिटं जादा मिळतात. सर्टिफिकेशनच्या अकाउंटमध्ये त्याची विनंती करायची असते, आणि तीही बुकिंगच्या आधी, कारण झालेल्या बुकिंगला ती लागू होत नाही. ६५ प्रश्न, त्यातले बरेचसे परिच्छेदाएवढे लांब. मंजुरीच्या मेलची वाट बघत बसला असाल, तेवढ्यात हे करून टाका.