चिंचोके आहेत का घरात?

मागच्या अंकात मुलांच्या मोबाइलविषयी लिहिलं आणि तुमची भरभरून पत्रं आली. बहुतेकांचं विचारणं एकच: मोबाइल काढून घेतला, आता पोराच्या हातात द्यायचं काय? ठाण्यात वर्तकनगरला आमचं छोटंसं खेळघर आहे. त्याआधी माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली. मुलांमध्ये जे खेळ टिकताना पाहिले, तेच इथे सांगते.

ताई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरीला. महापेहून घरी येईपर्यंत मला साडेसात होतात, आल्या आल्या स्वयंपाक. तेवढा वेळ तो मोबाइल बघतो आणि मग जेवतानाही कार्टून लागतं. त्याच्याशी खेळायला वेळ कुठून काढू?
— एक आई, घणसोली

वेगळा वेळ काढू नका. तुमचा स्वयंपाकाचा पाऊण तास हीच त्याची खेळायची वेळ. गॅसपासून लांब, पण तुम्ही दिसाल अशी त्याची चटई टाका.

एका ताटात लिंबू, चमचा, फुलपात्र, लसणाचा गड्डा, पोळपाटाशेजारचा रुमाल, बटाटा अशा पाच-सहा वस्तू मांडा. त्याला नीट बघू द्या. मग त्याला पाठ फिरवायला सांगून एक वस्तू उचला आणि विचारा, ‘काय हरवलं?’ दोन-चार वेळा झालं की पाळी बदला. आता तो लपवेल आणि पोळी लाटता लाटता तुम्ही ओळखायचं. खरी मजा इथून सुरू होते. आईला फसवायचं म्हणजे आईला काय आठवेल आणि ती काय विसरेल, याचा विचार त्याला करावा लागतो. साडेचार वर्षांच्या डोक्याला हे मोठं काम आहे. एखाद्या दिवशी तो काहीच उचलणार नाही आणि ‘ओळख’ म्हणेल. तेव्हा त्याला रागावू नका, तो पुढे गेलाय.

कुकर लावलात की टोपलीतले कांदे-बटाटे त्याच्यापुढे ओता. तीन शिट्ट्या होईपर्यंत कांदे एकीकडे, बटाटे एकीकडे. दुसऱ्या दिवशी लहान-मोठे वेगळे करायचे. शिट्ट्या तोच मोजेल. मात्र मध्येच ‘सांग बरं, हे किती झाले? इंग्लिशमध्ये सांग’ असं सुरू करू नका. तसं केलंत की पोरगं उठून जातं. त्याला खेळ कुठला आणि परीक्षा कुठली हे आपल्यापेक्षा लवकर कळतं.

जेवताना मात्र मोबाइलच्या जागी खेळही आणू नका. जेवणाला गप्पा पुरतात. पहिले काही दिवस तो कमी जेवेल, रडेल. घरातल्या सगळ्यांनी मिळून तेवढं सोसायला हवं, आजी-आजोबांनीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यांत दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला एक तासाच्या वर वेळ नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच, असं म्हटलंय. त्याच सूचनांत या वयाच्या मुलांची दिवसभरात निदान तीन तास हालचाल व्हावी असंही आहे. पहिली गोष्ट सगळे सांगतात, दुसरी मागे पडते. रविवारी सकाळी त्याला घेऊन खाली उतरा आणि शिवणापाणी खेळा, तुम्ही दोघंही.

मुलगी नऊ वर्षांची, हुशार आहे, पण गणिताचा कंटाळा करते. बुद्धीला चालना देणारे म्हणून तीन-चार महागडे खेळ आणले. आठवड्याभरात ते कपाटावर गेले. गणित सुधारेल असा कोणता संच घ्यावा?
— एक वडील, घोडबंदर रोड

संच घेऊ नका. चिंचोके आहेत का घरात? वर्षाची चिंच भरणारी एखादी मावशी, आत्या नात्यात असेलच, तिच्याकडून मूठभर आणा.

जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. विकत आणलेलं साधन तिथल्या मुलांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मी बालवाडीत आले तेव्हा आम्हाला हेच शिकवलं गेलं आणि आजही माझा त्यावर विश्वास आहे. महाग खेळ वाईट असतो असं नाही, पण त्यात सगळं आधीच ठरलेलं असतं. मुलीने ठरवावं असं काही उरत नाही आणि मग तो कपाटावर जातो.

तुम्ही तिच्याशी अष्टचल्लस खेळा. चार चिंचोके घ्या, खरखरीत फरशीवर थोडं पाणी टाकून एकेक बाजू घासा. काळं साल जाऊन पांढरा गर दिसला की झालं. हे घासण्याचं काम तिच्याकडेच द्या. पुठ्ठ्यावर पाच बाय पाच घरांचा पट आखा. चारही कडांच्या मधल्या घरात आणि अगदी मधल्या घरात फुली मारा. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, शर्टाची बटणंही चालतील. आपल्या बाजूच्या फुलीवरून निघायचं, बाहेरच्या घरांतून उलट्या फेरीने जायचं, मग आत वळून आतल्या आठ घरांतून सुलट फिरायचं आणि मधे पोचायचं. आपल्या फुलीपासून मधल्या घरापर्यंत चोवीस पावलं होतात. चिंचोके टाकून जितके पांढरे वर, तितकं दान. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. दुसऱ्याच्या सोंगटीच्या घरात आपली सोंगटी पडली की दुसऱ्याची मेली, तिने पुन्हा पहिल्यापासून निघायचं. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही, असा नियम पुष्कळ घरांत असतो. तुमच्या घरचा नियम तिच्या आजीला विचारा, वेगळा निघाला तर तोच खरा.

आता यात गणित कुठे आलं? चार-पाच डाव नुसते खेळा, काही बोलू नका. मग एक दिवस वही जवळ ठेवा आणि कुठलं दान किती वेळा पडतं त्याच्या रेघा ओढायला तिला सांगा. आमच्या खेळघरातली एक मुलगी अशाच रेघा ओढत होती. पान अर्धं भरल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘ताई, दोनचीच रांग पळतेय.’ खरंच तसं होतं. चार चिंचोके काळे-पांढरे पडण्याचे एकूण सोळा प्रकार आहेत. त्यांतल्या सहा प्रकारांत दोन पडतात, चार प्रकारांत एक, चार प्रकारांत तीन. चार आणि आठ मात्र प्रत्येकी एकाच प्रकाराने. हे सोळा प्रकार मुलीला स्वतः जमिनीवर मांडून बघू द्या. तास गेला तरी जाऊ दे.

त्या पोरीने पुढे काय केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. दुसऱ्याच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर ती थांबेनाशी झाली. एक घर पुढे चालेल, तीन घरं पुढे चालेल, दोन नको, कारण दोनचं दान सगळ्यांत जास्त वेळा येतं. संभाव्यता हा शब्द तिच्या पुस्तकात यायला अजून वर्षं होती. तो विचार तिने मरायच्या भीतीने केला, आणि तो तिचा स्वतःचा होता. म्हणून तो आता जात नाही.

एक सांगून ठेवते. हाताने घासलेले चिंचोके अगदी समतोल नसतात. तुमच्या घरातल्या चिंचोक्यांना एखादं दान जास्त आवडेल आणि रेघांत ते दिसेल. ते चुकलंय म्हणून वही मिटू नका. ‘कुठला चिंचोका खोडी करतोय?’ हे शोधायला आणखी दोन संध्याकाळी मिळतील.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर खेळ संपल्यावर चिंचोके मोजून डबीत ठेवायचे. लहान मुलं बिया तोंडात घालतात, नाकातही घालतात. यात हयगय नको.

नातू बारा वर्षांचा, नात सात वर्षांची. दोन खोल्यांची जागा. घरात उड्या मारल्या की खालचे लोक वर येतात, आणि आवारात ‘खेळण्यास मनाई’ अशी पाटी आहे. मुलांनी करायचं काय?
— एक आजोबा, कोपरखैरणे

आजोबा, त्या पाटीचं मला फार वाईट वाटतं. मुलांनी खाली खेळायचं नाही, वर उडी मारायची नाही, मग ती मोबाइलमध्ये शिरतात आणि तेव्हाही आपण त्यांनाच रागावतो. मुलांना कमिटीला अर्ज लिहू द्या, त्यांच्याच अक्षरात. रोज एक तास, कुठल्या कोपऱ्यात, कुठला खेळ, गाड्यांना काही होणार नाही याची जबाबदारी कोण घेणार, सगळं त्यात लिहायचं. सही गोळा करायला तुम्ही त्यांच्यासोबत मजल्या-मजल्यावर जा. लगोरीला नाही म्हणतील कदाचित, लंगडीला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

घरात नातीला सागरगोटे शिकवा. काष्ठौषधींच्या दुकानात गजगा मागा, राखाडी रंगाच्या टणक बिया देतील. पाच पुरे. चादरीची घडी अंथरून खेळलं की खाली आवाज जात नाही. एक वर उडवायचा, खालचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. डोळा आणि हात यांची जोडी अशी जमली की लिहिणंही सुधारतं, हे मी बालवाडीत सतत पाहिलंय.

नातवाला नवकांकरी द्या. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले, चोवीस ठिकाणं, दोघांकडे नऊ-नऊ खडे. तीन ओळीत आणले की समोरच्याचा एक उचलायचा. आपल्याकडे किल्ल्यांवरच्या दगडांत आणि लेण्यांमधल्या फरशीवर हा पट कोरलेला सापडतो. गडावर जाल तेव्हा शोधायला सांगा.

आणि त्याला कोडं हवं असेल तर एकवीस चिंचोके मांडा. आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. तुम्ही पहिले असाल तर एक उचला, वीस ठेवा. मग तो जेवढे उचलेल त्यात तुमचे मिळवून चार होतील असे उचलत राहा. तुम्ही हरूच शकत नाही. हे त्याला सांगू नका. तो चिडेल, पुन्हा मांडेल, कागद घेऊन बसेल. त्याला सापडलं की मग एकवीसऐवजी चोवीस मांडा आणि पहिली पाळी घ्यायची की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.

ठाण्याहून वाशीला माहेरी लोकलने जाते. तेवढा वेळही मुलांना मोबाइल हवा असतो. गाडीने गेलो तर आणखी वाईट, ट्रॅफिकमध्ये भांडणं.
— एक वाचक, चरई

लोकलमध्ये येणाऱ्या स्टेशनच्या नावावरून नाव-गाव-फळ-फूल. ऐरोलीचा ऐ अवघड आहे, पण रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा चांगली साथ देतात. पुढच्या स्टेशनात गाडी शिरली की थांबायचं. वहीसुद्धा लागत नाही, तोंडी होतं.

रस्त्यावर नंबरप्लेट. एमएच ०४ म्हणजे ठाणे, ४३ म्हणजे नवी मुंबई, ०५ कल्याण, १२ पुणे. मोठ्या मुलांनी शेवटचे चार आकडे घेऊन बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून दहा आणायचे. ३७२८ आले? आठातून सात गेले एक, तीन गुणिले दोन सहा, सहा अधिक एक सात. जमलं नाही. मग तीन अधिक सात दहा, दोन गुणिले आठ सोळा, सोळातून दहा सहा. तेही नाही. तीन गुणिले आठ चोवीस, सात दुणे चौदा, चोवीसातून चौदा गेले, दहा! सिग्नल सुटेपर्यंत गाडीत शांतता असते.

मुलगा सहा वर्षांचा. हरला की पट उधळतो, रडतो. मी मुद्दाम हरावं का?
— एक आई, नेरूळ

मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं, आणि कळलं की जिंकण्यातली गोडी जाते. त्यापेक्षा उघडपणे स्वतःवर ओझं घ्या. ‘तुझ्या दोन सोंगट्या, माझ्या चार. तू दोन पोचवायच्या, मी चार.’ आता तो जिंकला तर खरा जिंकला. तीन डाव लागोपाठ जिंकला की त्याची एक सोंगटी वाढवायची, आणि हे आधीच ठरवून ठेवायचं.

पट उधळला तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला. ओरडू नका, समजावत बसू नका, सोंगट्या दोघांनी मिळून गोळा करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पट मांडा आणि पहिलं दान त्याला टाकू द्या.