अकरावीतल्या मुलाला पॅरा एसएफमध्ये जायचंय

प्रश्न : माझा मुलगा अकरावी कला शाखेत आहे. वर्षभर एकच ध्यास, पॅरा एसएफ, म्हणजे लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटचं कमांडो दल. रोज तीन तास व्यायाम करतो, पुस्तक हातात धरत नाही. ‘शत्रूच्या हद्दीत घुसायला मार्क कशाला लागतात?’ म्हणतो. त्याचे वडील खूश आहेत. मला रात्र रात्र झोप लागत नाही. त्याचं मन कसं वळवू?

उत्तर : ताई, मन वळवायची युक्ती मी सांगणार नाही. ‘काही होत नाही हो’ असा खोटा धीरही देणार नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅरा या पॅरा एसएफच्याच तुकडीत घडलेले अधिकारी. २०१५ साली कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. या वाटेवर जीव जाऊ शकतो, हे घरात मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे. तुम्हाला भीती वाटते, तर तसंच सांगा त्याला. भीती लपवून अभ्यासाचं निमित्त पुढे करू नका, मुलांना ते लगेच कळतं.

पण तो निर्णय आज घ्यायचाच नाहीये. अधिकारी म्हणून जायचं तर आधी एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), म्हणजे खडकवासल्याला तीन वर्षं. मग डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीत, एक वर्ष. त्यानंतर पॅराशूट रेजिमेंट स्वतःहून मागावी लागते, कोणी ढकलत नाही. मागितल्यावर प्रोबेशन, म्हणजे कसोटीचा काळ. झोप नाही, पाठीवर वजन, आणि ‘मला परत जायचंय’ म्हणायची मुभा कायम. बरेच जण तिथून परततात आणि दुसऱ्या रेजिमेंटमध्ये उत्तम अधिकारी होतात. म्हणजे तुमचा मुलगा खऱ्या अर्थाने ‘मी जातो’ म्हणेल तेव्हा बाविशीचा असेल. तोवर तुम्हा दोघांनाही वेळ आहे.

आता मार्कांचं. मला खरी काळजी इथेच वाटते. एनडीएच्या आर्मी विंगला कला शाखा चालते, त्यामुळे शाखेवरून त्याला रागावू नका. पण लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर असतो, बारावीच्या पातळीचा, आणि तो सगळ्यांना द्यावाच लागतो. उरलेले ६०० गुण सामान्य क्षमता चाचणीचे, त्यात इंग्रजीही आलं. दहावीनंतर गणित सुटलेलं असेल तर आजपासून रोज दोन तास तिकडे गेले पाहिजेत. वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस. ती हुकली तरी पदवीनंतर सीडीएस ही लष्करी अधिकारी होण्याची दुसरी परीक्षा आहे. तिथे आयएमएसाठी गणित दहावीच्या पातळीचं असतं.

आणि शत्रूच्या हद्दीतलं काम त्याला वाटतं तसं नसतं. १९७१च्या डिसेंबरमध्ये १० पॅराचे जवान सिंधच्या वाळवंटात सुमारे ८० किलोमीटर आत शिरले आणि त्यांनी पाकिस्तानातल्या छाछरो गावावर छापा घातला. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल भवानीसिंह यांचं, त्यासाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. त्यामागे वाळवंटातला दीर्घ सराव होता. खुणेला झाड नाही की रस्ता नाही, अशा ठिकाणी रात्री गाड्या हाकत दिशा धरायची. दिशा चुकली तर पाणी आणि इंधन संपणार. गोळीबार थोडा वेळ चालतो. बाकी सगळा वेळ नकाशा, हिशेब, वायरलेस, जखमी सोबत्याला सांभाळणं, आणि तासन् तास न हलता वाट बघणं. ज्याला एका जागी दोन तास बसून गणित सोडवता येत नाही, त्याने हे वाक्य दोनदा वाचावं. मला तर वाटतं, पॅरा एसएफच्या तयारीत त्याचा सर्वांत कच्चा भाग हाच आहे, दंड नव्हे.

व्यायाम बंद करू नका, फक्त तासावर आणा. धावणं, पोहणं, पुलअप्स पुरे. वाढत्या वयात पाठीवर वजन घेऊन डांबरी रस्त्यावर धावू देऊ नका. नडगीच्या हाडाला बारीक तडे गेले तर महिने वाया जातात. लेखी परीक्षेनंतरच्या पाच दिवसांच्या एसएसबी निवड चाचणीत पिळदार शरीर कोणी मोजत नाही. गटात तो दुसऱ्याचं ऐकतो का, अडचणीत मार्ग काढतो का, खरं बोलतो का, हे बघतात.

येत्या रविवारी एक करा. एनडीएच्या गणिताची जुनी प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर मिळते. ती छापून द्या, घड्याळ लावा, अडीच तास. पेपर तपासताना त्याच्या वडिलांनाही शेजारी बसवा. किती गुण पडले ते मला कळवा, पुढचं वेळापत्रक आपण त्यावरून ठरवू.