वॉलेट रिकामं झालंय, आता ‘वसुली तज्ज्ञा’ची फी भरू का?

प्रश्न: मोफत टोकन मिळणार म्हणून एका साइटला माझं क्रिप्टो वॉलेट जोडलं आणि ‘अप्रूव्ह’ दाबलं. काही मिनिटांत सगळे यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेली क्रिप्टो नाणी) गेले. आता एक ‘वसुली तज्ज्ञ’ म्हणतो, कोर्टाचा आदेश हातात आहे, फी भरा, पैसे परत. भरू का? आणि मीच ‘अप्रूव्ह’ दाबलं असेल तर ही चोरी ठरते का?

उत्तर: भरू नका. तुम्ही पाठवलेला ‘आदेश’ पाहिला. शिक्का चांगला ठळक आहे. प्रकरण क्रमांक नाही, न्यायाधीशांचं नाव नाही आणि फी मात्र क्रिप्टोतच हवी! फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गाठायचा हा ठरलेला प्रकार आहे.

‘अप्रूव्ह’ दाबून तुम्ही वॉलेटमधले यूएसडीटी हलवायची परवानगी दिलीत. आधी ती रद्द करा, म्हणजे ‘रिव्होक’. साइटवरून वॉलेट नुसतं ‘डिस्कनेक्ट’ केल्याने ती जात नाही. उद्या त्याच वॉलेटमध्ये यूएसडीटी आले, तर तेही उचलले जाऊ शकतात. सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेटची चावी असलेले, गुप्त शब्द कुठे टाइप केले असतील तर रिव्होकनेही भागणार नाही. उरलंसुरलं नव्या वॉलेटमध्ये हलवा आणि जुनं कायमचं सोडा.

‘अप्रूव्ह’ तुम्हीच दाबलंत हे खरं, पण फसवून मिळवलेली संमती कायदा संमती धरत नाही. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, हेही न्यायालयं मानू लागली आहेत. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बिटकॉइनला मालमत्ता मानून चक्क ‘अज्ञात व्यक्तीं’विरुद्ध मनाईहुकूम दिला. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये क्रिप्टोला मालमत्ताच म्हटलं.

ब्लॉकचेनवरचा, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक नोंदवहीतला, व्यवहार उलटवता येत नाही. मात्र यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखाद्या वॉलेटच्या पत्त्यावरची नाणी गोठवू शकते, आणि चोराला ती विकायला बहुधा एखाद्या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या बाजारात, यावं लागतं. तिथे केवायसी असेल, तर पत्त्यामागचं नाव मिळतं. म्हणून व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक), दोन्ही पत्ते, वेळ आणि साइटची लिंक जोडून आजच सायबर पोलिसांत तक्रार द्या. नाणी ज्या एक्स्चेंजवर पोहोचली असतील, तिथे तक्रारीची प्रत पाठवून खातं गोठवायला आणि नोंदी जपायला लेखी सांगा. नाणी मिक्सरमध्ये, म्हणजे अनेकांची नाणी मिसळून माग पुसणाऱ्या सेवेत, गेली असतील तर आशा फार कमी. मग दिवाणी दाव्यावर, म्हणजे माझ्यासारख्या वकिलाच्या फीवरही, खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

त्या ‘तज्ज्ञा’ला ब्लॉक करा, पण चॅट पुसू नका. त्याचा नंबर आणि तो ‘आदेश’ही तक्रारीला जोडा.