सिडनीत एकाच घरात हनुक्का आणि नाताळ: ठाण्याच्या ताईंना उत्तर

शालोम ताई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ठाण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू, यजमान वसईचे कॅथलिक, मुलं सहा आणि नऊ वर्षांची. येत्या जूनमध्ये सिडनीला कायमचं यायचं ठरलंय आणि पहिल्याच डिसेंबरात सासू-सासरे महिनाभर राहायला येणार आहेत. आजवर हनुक्का, ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण, माहेरी व्हायचा आणि नाताळ सासरी. आता दोन्ही एकाच घरात, तेही ऐन उन्हाळ्यात, कसं जमवायचं? माझं घरही असंच आहे, फक्त माहेर अलिबागकडचं. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

उन्हाचं नंतर बघू, ते सोपं आहे. तिकडे तुमच्या दोन सणांच्या मध्ये वसईची खाडी होती. वसईला डुकराचं सोरपोतेल शिजायचं, तुम्ही त्याला हात लावायचा नाहीत, विषय संपायचा. इथे दोघांना मिळून एकच ओटा, एकच फ्रीज आणि एकच जेवणाचं टेबल. त्यामुळे जी गोष्ट तिकडे कधी बोलावी लागली नाही ती इथे विमानात बसायच्या आधी बोलून घ्यावी लागते: घरात आपल्याला वर्ज्य असलेलं डुक्कर आणि कोलंबी येणार की नाही. आमच्याकडे ठरलं ते असं की घरात नाही, बाहेर ज्याचं तो. तुमचं वेगळं ठरेल, पण सासूबाई बॅग भरायच्या आधी ठरवा.

दुसरं माझं ठाम मत. विधी मिसळू नका. झाडाला डेव्हिडचा तारा, हनुक्किया म्हणजे हनुक्काच्या दिवठणीशेजारी सांताक्लॉज, असलं काही इथल्या दुकानांत मिळतं आणि मला ते बघवत नाही. मुळात हनुक्का हा ‘आम्ही तुमच्यासारखे होणार नाही’ म्हणून लढलेल्या लोकांचा सण. त्याला नाताळाची झालर लावली की दोन्हीचा चोथा होतो. दिवे दिव्यांच्या जागी, गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) गव्हाणीच्या जागी. आमच्याकडे हनुक्किया रस्त्याकडच्या खिडकीत असते आणि गोठा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात.

मिसळायचं ते स्वयंपाकघरात, आणि तिथे आपलं नशीब जोरावर आहे. हनुक्का म्हणजे तेलाचा सण, तळलेलं खायचं. आणि वसईकडचा नाताळ कशावर चालतो? करंज्या, कलकल, झालंच तर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ कॅथलिक, घरांतले पिठाचे तळलेले फुगे. सगळं तळणीचंच की! सासूबाई आल्या की हनुक्काच्या एखाद्या संध्याकाळी कलकलचा घाट घाला. मुलं काट्यावर पीठ वळवत बसतात, आजी तळते, तोवर दिवे लावायची वेळ होते. कुणाचा कोणता सण चाललाय हे त्या कढईला विचारायला कोणी जात नाही. फक्त पिठात लोणी न घालता तेलाचं मोहन आणि नारळाचं दूध घाला, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही खाता येतात. दूध आणि मटण एकत्र नको म्हणून आपल्या आया सगळीकडे नारळाचं दूध वापरतच आल्यात, त्यामुळे सासूबाईंना वेगळं काही शिकवावं लागत नाही. दोदोल ही मिठाई तर मुळात नारळाच्या दुधाचीच. नाताळचा केकही तेलात छान होतो.

तळायचं मात्र घरात नाही. डिसेंबरात पारा कधीकधी ४० च्या वर जातो, आणि इथे प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे, तो तळणीच्या वासालाही कोकलतो. बार्बेक्यू घ्याल तेव्हा बाजूला एक सुटी गॅसची शेगडी असलेला घ्या. कढई तिथे, अंगणात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये असाल तर बाल्कनीत काय चालतं ते इमारतीच्या नियमांत आधी बघा.

आता उन्हाळ्यात दिव्यांचं काय होतं ते. पातळ रंगीत मेणबत्त्या खिडकीतल्या उन्हाने मऊ पडून वाकतात. त्या वापरायच्याच असतील तर लावेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. त्यापेक्षा तेलाच्या वाती लावा, वाती आणि खोबरेल हॅरिस पार्क या उपनगरातल्या आपल्या भारतीय दुकानांत मिळतं. दुसरी गोष्ट वेळेची. डिसेंबरात घड्याळं एक तास पुढे असतात, सूर्य आठच्या सुमारास मावळतो आणि अंधार पडेपर्यंत साडेआठ-पावणेनऊ. शाळेच्या दिवसांत सहा वर्षांच्या मुलाला तोवर जागं ठेवणं म्हणजे शिक्षा. आमच्या ओळखीच्या काही घरांत सूर्य मावळताच लावतात, काहींत अंधाराची वाट बघतात. तुमच्या सिनेगॉगच्या (प्रार्थनाघराच्या) रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारून एक पद्धत धरा. आणि ज्या दिवशी ‘टोटल फायर बॅन’ जाहीर होतो त्या दिवशी उघड्यावर ज्योत पेटवायची नाही. वारं आणि उकाडा वाढला की वणव्याच्या भीतीने ही बंदी येते, इथे ती चेष्टा नाही. त्या दिवशी बाल्कनीतही दिवा नको.

तारखांकडे नीट बघा, कारण दरवर्षीचं गणित वेगळं. तुमचं पहिलं वर्ष सोपं आहे: २०२६ चा हनुक्का ४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन १२ तारखेला संपतो, नाताळ अजून पुढे. त्या आठवड्यात शाळा चालू असते आणि वर्षअखेरीचे कॅरलचे कार्यक्रमही त्याच सुमाराला येतात, मुलांची थोडी धांदल होईल इतकंच.

कस लागेल तो २०२७ ला. त्या वर्षी २४ डिसेंबर शुक्रवारी आहे. म्हणजे नाताळची आदली रात्र, हनुक्काचा पहिला दिवा आणि शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा ज्यूंचा विसाव्याचा दिवस), तिन्ही एकाच संध्याकाळी. त्या दिवशी सूर्यास्त साधारण आठ-पाचला, म्हणून शब्बाथचे दिवे पावणेआठच्या सुमारास. हनुक्काचा दिवा त्याच्याही आधी लावायचा आणि तो अंधार पडल्यावर अर्धा तास जळला पाहिजे. म्हणजे किमान दीड तासाचं तेल. पेटीतल्या छोट्या मेणबत्त्या अर्ध्या तासात संपतात, त्या दिवशी त्या चालणारच नाहीत. चर्चचं विचाराल तर बऱ्याच पॅरिशमध्ये मुलांसाठी २४ ला संध्याकाळीही मिस्सा असते. ती धरून सगळे वेळेत घरी आले तर दिव्यांना हजर राहता येतं. मध्यरात्रीच्या मिस्सेला सासरेबुवा आणि यजमान जातील.

आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नाताळ. शब्बाथला चूल नाही. तिकडे असतो तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला असता, पण इथे ऑस्ट्रेलियन पद्धत आपल्या मदतीला येते. इथल्या लोकांचा नाताळ म्हणजे दुपारचं थंड जेवण. उकाड्यात ओव्हन कोण लावणार? थंड मांस, सॅलड, पाव्हलोवा नावाचं गोड पक्वान्न, चेरी आणि आंबे. हो, आंबे, इथे त्यांचा मोसम डिसेंबरातच असतो. हापूसची सर नाही, पण नाताळच्या पानात आंब्याची फोड ही वसईकरांना नवलाची गोष्ट. सगळं शुक्रवारी दुपारपर्यंत करून फ्रीजमध्ये टाकलं की शनिवारी नुसतं वाढायचं. शब्बाथ पाळून नाताळचं जेवण घालायला याहून सोयीचा देश नसेल. तळणाचं काय, तर २६ ला रविवार आणि सुट्टी, तिसरा दिवा, कढई बाहेर काढा.

मासळीबद्दल एक गोष्ट सांगते, तुम्ही खूश व्हाल. नाताळाच्या आधी सिडनीचा मासळीबाजार सलग छत्तीस तास उघडा असतो आणि सगळं शहर कोलंबी, कालवं घ्यायला लोटतं. आपल्याला त्यातलं काही चालत नाही. पण तिथेच बारामुंडी असते, आणि बारामुंडी म्हणजे आपला जिताडा. तोच मासा, खवले आणि पर असलेला, म्हणून कोशेर, आपल्या आहारनियमांत बसणारा. पहिल्यांदा तो कापून घेतला तेव्हा मी पाठीकडचा तुकडा वर करून उजेडात धरून बघितला होता, विश्वास बसेना. फक्त तुमच्यासमोर अख्खा मासा घेऊन कापून घ्या, कातडी सोललेला तुकडा घेतला तर खवले दिसत नाहीत. हिरव्या वाटणात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून बार्बेक्यूवर भाजा. वसईवालेही बोटं चाटतात. २०२७ ला हाच मासा शुक्रवारी भाजून शनिवारी थंड वाढायचा.

सासूबाईंना हनुक्का परका वाटेल अशी भीती तुम्ही लिहिलीय. त्यांना सांगा, त्यांच्या कॅथलिक बायबलात मक्काबींची, म्हणजे हनुक्काची लढाई लढलेल्यांची, पुस्तकं आहेत. आपल्या तनाखमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, ती नाहीत! योहानाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायात येशू समर्पणाच्या सणाला मंदिरात फिरत होता असं आहे, तो हाच सण. आमच्या सासूबाई एका संध्याकाळी तो उतारा मराठीतून वाचतात, मग मुलं दिवा लावतात. यात विधी मिसळत नाही, ज्याचं पुस्तक त्याच्याच हातात राहतं.

शिवाय आपल्या पूर्वजांना हनुक्का माहीतच नव्हता, हेही मुलांना सांगा. नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेली माणसं मक्काबींच्या विजयाआधीच देश सोडून निघाली होती, अशी आपल्यातली समजूत. हा सण आपल्याकडे फार उशिरा, बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर आला. तेल गाळून पोट भरणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना, शनिवार तेल्यांना, तेलाचाच सण ठाऊक नव्हता, ही गंमतच. त्यामुळे ‘आपली जुनी पद्धत’ मोडतेय की काय या काळजीत पडू नका. आपली खरी जुनी गोष्ट मलिदा, आभाराचा प्रसाद. तो नव्या घरात शिरल्यावर आधी करा, पोहे, नारळ, पाच फळं, सगळं मिळतं. सासू-सासऱ्यांनाही त्याला बसवा.

राहायचं कुठे, हा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. कोशेर दुकानं आणि बहुतेक सिनेगॉग पूर्वेला बॉन्डायच्या आसपास आणि उत्तरेला सेंट आइव्हजकडे. आपले भारतीय कॅथलिक, किराणा, मराठी माणसं मात्र पश्चिमेला, पॅरामाटा-ब्लॅकटाउनकडे. भाडंही पूर्वेला फार. आम्ही पश्चिमेला राहतो आणि कोशेर मांस एकदम आणून फ्रीझरमध्ये भरतो. मोठा फ्रीझर पहिल्याच महिन्यात घ्या.

एक जड गोष्ट लिहिल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही. १४ डिसेंबर २०२५ ला बॉन्डायच्या किनाऱ्यावर, हनुक्काच्या पहिल्याच संध्याकाळी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. १५ माणसं गेली. त्यानंतर इथल्या ज्यू घरांत डिसेंबर पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी तुम्हाला येऊ नका म्हणणार नाही, आम्हीही कुठे निघालो नाही. खिडकीत हनुक्किया ठेवायची का, यावर आमच्या घरीही चर्चा झाली आणि ठेवायची असं ठरलं. तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, मुलांना कळेल असं बोला. सिनेगॉगला पहिल्यांदा जाताना आधी कळवा, फोटोचं ओळखपत्र न्या, दारात तपासणी होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

शाळेबद्दल थोडक्यात: सरकारी शाळेत आठवड्यातून एकदा धर्मशिक्षणाचा तास असतो, कोणत्या धर्माचा घ्यायचा की घ्यायचाच नाही हे पालक लिहून देतात. अर्ज भरताना यजमानांशी बोलून भरा, मागाहून वाद नको.

सामान बांधताना गव्हाणीतल्या मूर्ती पेंढ्यात गुंडाळू नका. इथल्या विमानतळावर गवत, पेंढा, बिया यांवर कडक नजर असते, मूर्ती राहतील पण पेंढा काढून घेतील आणि न सांगता आणलात तर दंड. कागदात किंवा बबल रॅपमध्ये बांधा आणि खायचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. गोठ्याभोवती हिरवळ हवी असेल तर अख्खी नाचणी इथेच घ्या, परातीत मातीवर पेरून रोज पाणी शिंपडा. या उन्हात ती भराभर उगवते, म्हणून वसईपेक्षा थोडी उशिरा पेरा.

हनुक्किया मात्र माहेरची पितळेचीच आणा, इथे मिळतात त्यांत तेलाच्या वाट्या बसत नाहीत बऱ्याचदा. तारीख पक्की झाली की कळवा, जूनमध्ये इथे थंडी असते, पहिले काही दिवस लागणारी पांघरुणं माझ्याकडे आहेत.