'डिटॉक्स'ला मराठी शब्द? उतारा!

पणजीतल्या एका रसाच्या दुकानावर 'डिटॉक्स ज्यूस' अशी पाटी आहे. तिथे 'निर्विषीकरण रस' लिहिलं तर चालेल का, असं एका बाईंनी विचारलं आहे. नाही चालणार. आपल्याकडे विष चढतं, भिनतं आणि उतरतं, म्हणून त्यावर असतो तो उतारा. घरात एवढा सुटसुटीत शब्द असताना सहा अक्षरांचा सरकारी दगड कशाला? शिवाय त्या पेल्यात काकडी, लिंबू आणि आलं. रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकटात करतात.

'टॉक्सिक' म्हणे 'तक्षक' नागावरून आला. हा निरोप मला कृपया पुन्हा पाठवू नका! ग्रीकात 'तोक्सोन' म्हणजे धनुष्य आणि 'तोक्सिकोन फार्माकोन' म्हणजे बाणाला फासायचं विष. पुढे 'फार्माकोन' गळला आणि नुसतं धनुष्य विषाच्या नावावर राहिलं. गळलेल्या शब्दाचा अर्थ तर विषही आणि औषधही. १५३८ मध्ये स्विस वैद्य पॅरासेल्ससने हेच मांडलं, की सगळंच विष, ठरवते ती मात्रा. आपली 'मात्रा' प्रमाणही सांगते आणि सहाणेवर उगाळून चाटवताही येते, हे त्याला कळतं तर तो खूश झाला असता.

असो. माझा लाडका शब्द वेगळाच आहे: 'बेझोआर'. बकरीसारख्या जनावरांच्या पोटात सापडणारा हा खडा शेकडो वर्षं विषावरचा उतारा म्हणून विकला गेला. पणजीतल्या बागेला ज्याचं नाव आहे, त्या गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या पुस्तकात या शब्दाचा उगम 'पाझन' या फारसी बकऱ्यात शोधला. वैद्य म्हणून माणूस थोर, पण इथे चक्क घसरला. मूळ शब्द फारसी 'पादजहर', म्हणजे जहरापासून राखणारा. अरबांच्या तोंडी त्याचा 'बाजहर' झाला आणि पुढे युरोपात 'बेझोआर'. त्यातला 'पाद' मला तरी 'पादशाह'मधलाच वाटतो, म्हणजे आपल्या 'पातशहा'तला आणि थेट 'पति'पर्यंत जाणारा. कुणी इथे 'पाद' म्हणजे नुसता 'विरुद्ध' असं म्हणतात. म्हणोत बापडे. विषासमोर राखणदार उभा करायचा सोडून नुसता उपसर्ग कोण उभा करतं?

खडा मात्र निकामी. आंब्रोआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याच्या सांगण्यावरून राजाच्या हुकमाने त्याची परीक्षा झाली. चांदी चोरल्याबद्दल फाशी ठरलेल्या एका स्वयंपाक्याला आधी विष दिलं, मग खडा. काही तासांत तो तडफडून मेला. तरीही शंभर वर्षांनी आपल्या गोव्यातले जेझुइट पाद्री कस्तुरी, अंबर आणि असल्याच खड्यांची पूड मळून गोळे वळत होते. त्यांना वर सोन्याचा वर्ख. सोन्याच्या जाळीदार डब्यांतून ते 'गोवा स्टोन' युरोपात जात आणि तिथले श्रीमंत ते खरवडून पेल्यात घालून पीत.