वाचकांचे प्रश्न : कीटकांच्या शृंगिका आणि रुग्णांच्या नोंदी

प्रश्न : एका शास्त्रज्ञ बाईंच्या परिचयात असे वाचले, की त्यांनी आधी कीटकांच्या गंधग्राहींवर संशोधन केले आणि आता त्या रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण करणारी संगणकीय साधने तयार करतात. माझी मुलगी जीवशास्त्र शिकते, म्हणून विचारावेसे वाटते : विषय इतका बदलला तर आधीचे शिक्षण वाया जात नाही का?

उत्तर : आपली शंका स्वाभाविक आहे, मात्र गंधग्राहींवरचे संशोधन प्रत्यक्षात कसे चालते हे पाहिले, की ती बरीचशी दूर होईल.

फळमाशीच्या शृंगिकेवर, म्हणजे डोक्यावरील मिशीसारख्या अवयवावर, सूक्ष्म रोम असतात आणि त्यांच्या आत चेतापेशींची टोके असतात. या टोकांच्या पटलात गंधग्राही प्रथिने बसलेली असतात. अशा ग्राहींची जवळपास ६० जनुके फळमाशीत असून ती प्रथम १९९९ मध्ये ओळखली गेली. विशिष्ट गंधाचा ग्राही आणि ‘ऑर्को’ नावाचा सहग्राही मिळून पटलात आयनांसाठी एक मार्ग तयार होतो आणि गंधाचा रेणू येऊन बसला की तो उघडतो, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. सस्तन प्राण्यांचे गंधग्राही असे काम करत नाहीत, त्यामुळे हा शोध अनेकांना अनपेक्षित होता.

कोणता ग्राही कोणत्या गंधाला प्रतिसाद देतो हे शोधण्यासाठी एकेका रोमात अतिशय बारीक विद्युत्‌अग्र घालतात, माशीवर गंधाची झुळूक सोडतात आणि चेतापेशीचे दर सेकंदाचे स्पंद, म्हणजे तिच्यात उठणारे विजेचे क्षणिक ठोके, मोजतात. एलिसा हॅलम आणि जॉन कार्लसन यांनी २००६ मध्ये २४ ग्राही आणि ११० गंधद्रव्ये घेऊन असा तक्ता प्रसिद्ध केला. म्हणजे २,६४० जोड्यांची मोजमापे झाली. चेतापेशी गंधाविनाही थोडी स्पंदत असते, म्हणून तो मूळचा दर वजा करावा लागतो. परिणामी काही आकडे ऋण येतात, आणि ती चूक नसून त्या गंधाने पेशीचे स्पंद कमी केल्याची खूण असते. शून्य म्हणजे गंध दिला, पण फरक पडला नाही. रिकामा रकाना म्हणजे ती जोडी तपासलीच नाही. रिकाम्या जागी शून्य भरणाऱ्याचा पुढचा सगळा निष्कर्ष बिघडतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातील विद्यार्थ्याने सर्वांत आधी शिकावी अशी हीच गोष्ट आहे.

पुढची अडचण अशी, की एक प्रयोगशाळा स्पंद मोजते, तर दुसरी चेतापेशीतील कॅल्शियममुळे बदलणारी चमक मोजते. हे आकडे सरळ एकत्र करता येत नाहीत. जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये ‘डोर’ नावाचा माहितीसंच सादर केला. दोन अभ्यासांत समान असलेल्या गंधांच्या आधारे त्यांचे आकडे एका मापावर आणण्याची पद्धत त्यात आहे, आणि हे काम ‘आर’ या संगणकीय भाषेत केलेले आहे.

आता रुग्णांच्या नोंदी पाहा. एका प्रयोगशाळेत उपाशीपोटीची रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी लिहिली जाते, तर दुसरीकडे तीच ७.० मिलिमोल प्रति लिटर अशी येते. एकके न पाहता आकडे मिसळले, तर मधुमेही रुग्णाची शर्करा धोकादायक रीतीने कमी झाली आहे असे साधन सांगेल. चाचणी झालीच नाही आणि चाचणी झाली पण दोष आढळला नाही, हा भेद इथेही तितकाच मोलाचा आहे. किंबहुना तो इथे अधिक अवघड आहे, कारण डॉक्टरांना संशय आला तरच बहुधा चाचणी सांगितली जाते. त्यामुळे रिकामा रकानाही रुग्णाविषयी काही सांगत असतो. माशीच्या तक्त्यात कोणत्या जोड्या तपासायच्या हे संशोधक स्वतः ठरवतो, म्हणून तिथे ही गुंतागुंत कमी असते.

तेव्हा मुलीने जीवशास्त्र मनापासून शिकावे आणि त्यासोबत संख्याशास्त्र व एखादी संगणकीय भाषा आत्तापासूनच हाताळावी. पुढे ती वैद्यकीय माहितीकडे वळलीच, तर रोगनिदानाच्या संकेतावली (आजारांची ठरावीक सांकेतिक चिन्हे), रुग्णाची संमती आणि ओळख लपवण्याचे नियम तिला नव्याने शिकावे लागतील, कारण माशीच्या प्रयोगात यांतले काहीच शिकायला मिळत नाही.